मागचा दिवा

बाजार समितीच्या आवारात पहाटे साडेपाचला
कोणी नसतं. तोलकाटा, दोन कुत्री,
काल सांडलेल्या मक्यावर कबुतरं.
तिथे माझा पहिला गिअर पडला.
पडला कसला, ओरडला.

हे डावीकडे बसलेले. काळा चष्मा.
अठ्ठावीस वर्षं यांनी रावेरची केळी दिल्लीला पोचवली,
मग काचबिंदूने कडा खाल्ल्या,
मधोमध बांगडीएवढं जग उरलं.
त्यातून बघायचा त्यांना कंटाळा येतो.
कानांनी बघतात.
"गाडी खोकनी म्हंजे ती दुसरा गेर मांगस.
दे तिला. रडवू नको."

मी वीस वर्षं पायमशीनवर ब्लाउज शिवले.
अर्धं दाबणं, पाव सोडणं
माझ्या पावलांना कोणी शिकवायला नको.
बगलेच्या गोलाईवर घाई केली की चुण्या पडतात,
हे मी त्यांना सांगितलं, जरा तोऱ्यातच.
ते म्हणाले, "मंग रस्ता बी कापडच शे. ताणू नको."
त्याच दिवशी मागे घेताना
चिंचेच्या बुंध्याला बंपर टेकवला.
हमालांची पोरं हसली. एक म्हणाला, मावशी, स्कूटी घ्या.
ह्यांनी उतरून बुंधा चाचपला,
बंपर नाही, बुंधा.
"लागलं नही त्याले," म्हणाले, आणि परत बसले.

मला वाटायचं, शिकणं म्हणजे चालवणं.
यांनी आधी महिनाभर थांबणंच शिकवलं.
बैलगाडीमागे थांब. शाळा सुटली, थांब.
मेंढरं आली तर इंजिन बंद कर,
मेंढरू हॉर्नला घाबरत नाही, गोंधळतं.
मी चिडले की एकच वाक्य:
"आपला बापना रस्ता नही शे."

परीक्षेत आठाचा आकडा काढला.
साहेब मोबाइलमध्ये बघत पास म्हणाले.

खरी परीक्षा पारोळ्याकडून अमळनेरला येताना,
धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून उशीर झालेला,
मागच्या सीटवर कुणाच्या लग्नाचे सोळा ब्लाउजपीस.
समोरून ट्रक. फुल्ल लाइट.
मी डिपर दिला. त्याने नाही दिला.
आणि मग सगळं पांढरं.
चार सेकंद असतील. पाच.
कडा गेल्या, झाडं गेली,
मधोमध बांगडीएवढंही उरलं नाही,
आणि त्या पांढऱ्यात मला कळलं
हे रोज सकाळी कुठे उठतात.

"उजेडकडे नको दखू. डावी रेघ दख. पाय काढ."
पाय काढला. रेघ धरली.
रेघेच्या टोकाला अंधाराहून काळं काहीतरी,
फुगलेलं, हलणारं.
ब्रेक.
बॉनेटपुढे हातभर अंतरावर कापसाची ट्रॉली,
एकही दिवा नाही,
बांबूंच्या फटीतून बोंडं लोंबत.

माझे गुडघे मशीनसारखे उडत होते.
मी शिवी दिली. मोठी दिली.
ओव्हरटेक करून पुढे जाऊन त्या पोराला ऐकवते म्हणाले.
हे गप्प. काच खाली केली,
ट्रॅक्टरचा आवाज ऐकला.
"जुनं इंजिन शे. जिभाऊ एकलाच दिसस.
चारी दिवे लाव नि त्याना मांगेमांगे चाल.
आपला दिवा तोच त्याना दिवा."

सहा किलोमीटर. दुसऱ्या गिअरमध्ये.
टिक टिक टिक टिक, पिवळा उजेड कापसावर पडून विझायचा.
मागून गाड्या वाजवत होत्या,
एकाने काच उतरवून बाईमाणूस म्हणून काढलं.
मी टाका सुटू नये तसं अंतर धरलं.

फाट्याला ट्रॉली वळली.
पोराने सीटवरून मागे वळून हात वर केला.
"काय कयं त्यानी?" यांनी विचारलं.
हात केला, म्हटलं.
यांनीही केला,
थोडा चुकीच्या बाजूला, निंबाच्या झाडाकडे.
मी दुरुस्त केलं नाही.
चारी दिवे बंद करायला मात्र विसरले,
घरापर्यंत.